विरी गेलेल्या पिठाचा इतिहास

धिरड्याला आमच्या भागात मान नाही. अवचित आलेल्या पाहुण्यापुढं पिठलं-भाकरी आणि ठेचा ठेवला तर तो तृप्त होऊन उठतो. धिरडं ठेवलं तर तोंडानं छान म्हणतो आणि मनात म्हणतो, घरात काही नव्हतं वाटतं. लग्नाच्या पंगतीत ते नसतं, बारशाला नसतं, महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यात नसतं. लेकरू शाळेतून भुकेजून आलं, तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव नाही, खुरपणीहून यायला अंधार पडला आणि भाकरी थापायचं त्राण उरलं नाही, अशा वेळी धिरडं. घाईचं, अडचणीचं आणि घरच्याच माणसांचं खाणं.

अशा पदार्थाचा इतिहास कोणी लिहीत नाही. मी सेलूच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. पानिपतच्या पराभवाची कारणं मुद्देसूद लिहून घेतली, हैदराबादचा मुक्तिसंग्राम शिकवला, पण त्याच काळात माझी आजेसासू रात्री तव्यावर काय टाकत होती हे कोणत्याच क्रमिक पुस्तकात नव्हतं. आता भावाची नात सुटीत पुण्याहून येते आणि म्हणते, "आत्याआजी, धिरडं कर, पण चीज घालून." शेजारच्या बायांना हसू येतं. "चीज कामून घालायलाव वो बाई धिरड्यात?" मला मात्र हसू येत नाही. या पदार्थानं गेल्या शंभर वर्षांत चीजपेक्षा परक्या वस्तू पोटात घेतल्या आहेत, आणि बोभाटा न करता घेतल्या आहेत.

आधी जागा सांगते. देवगाव वेगळं, देवगाव फाटा वेगळा. गावाला पांढरी असते, मारुती असतो, पार असतो. फाट्याला फक्त रस्ता असतो. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि त्यातून सेलूकडे वळणारा दुसरा, यांच्या बेचक्यात आमची वस्ती. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ साली प्रवासी मोटारी सुरू केल्या तेव्हा त्यांच्याकडे सगळ्या संस्थानात मिळून २७ बस होत्या, हे मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरं हसायची. पण गाडी थांबू लागली की तिथं चहाची टपरी येते, टपरीमागं किराणा, किराण्यामागं पिठाची गिरणी आणि खताचं दुकान. गावातल्या घरात नवी वस्तू यायला पिढी लागायची. फाट्यावर ती मालमोटारीतून उतरते आणि संध्याकाळी चुलीपाशी पोचते. म्हणून धिरड्याचा इतिहास सांगायला फाटा ही गावापेक्षा बरी जागा आहे, असं माझं मत आहे.

जुना पुरावा शोधायला मात्र फाट्यावरून निघून राजाच्या मुदपाकखान्यात जावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं १२व्या शतकात, ११२९च्या सुमारास, मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण, जे १९४८ पर्यंत आमच्यासारखंच निजामी मुलखात होतं. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, आणि त्यात अन्नभोग नावाचं प्रकरण. शेतातला उंदीर कसा भाजावा इथपर्यंत राजानं लिहून ठेवलं आहे, त्यामुळं काही राहून गेलं असेल असं वाटत नाही. त्यात डाळी भिजवून, वाटून, हिंग घालून तव्यावर करायचा धोसक आहे. तो पुढच्या डोशाचा पूर्वज म्हणून प्रसिद्ध झाला. माझ्या मते आमच्या धिरड्याचाही त्याच्यावर तेवढाच हक्क आहे, कारण त्यात तांदूळ नाही. आणि त्याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट आहे जी पुण्याच्या पोरीला मी मुद्दाम सांगितली: तापवलेलं दूध आंबट घालून फोडायचं, फडक्यात गाळायचं, उरलेल्या गोळ्यात तांदळाचं पीठ मळून आकार करायचे आणि तुपात तळून पाकात टाकायचे. म्हणजे ज्याला आज आपण पनीर म्हणतो त्याच्या जवळचा पदार्थ आणि ज्याला धिरडं म्हणतो त्याच्या जवळचा पदार्थ, दोन्ही एकाच राजाच्या स्वयंपाकघरात होते. चारठाण्याची दगडी देवळं आमच्यापासून फार लांब नाहीत, तीही चालुक्य-यादवांच्या काळातलीच. ती घडवणाऱ्या पाथरवटांनी काय खाल्लं हे मात्र सोमेश्वरानं लिहिलेलं नाही. त्यांच्या वाट्याला तूप-पाक आला नसणार हे सांगायला ग्रंथ लागत नाही.

राजाच्या घरी धिरडं डाळीचं झालं. आमच्याकडं ते ज्वारीचं झालं, आणि त्यामागं चवीपेक्षा पिठाचा स्वभाव जास्त आहे. गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो, कणीक ओढली तर ताणते. ज्वारीत तो नाही. भाकरी जमते ती उकळत्या पाण्यामुळं आणि मळणाऱ्या हाताच्या रेट्यामुळं. त्यातही पीठ ताजं हवं. दळण आणून आठ-पंधरा दिवस झाले, किंवा ज्वारीच पावसात सापडून काळी पडली, की पिठाची विरी जाते. मग किती मळलं तरी भाकरी थापताना कडेनं फाटते, उचलली की हातात तुकडे येतात. सासू असं पीठ चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळायची आणि बघूनच सांगायची, "ह्याची भाकर व्हायची नाही, कालव." कालव म्हणजे पाणी घालून सरबरीत कर. मूठभर बेसन त्यात गेलं की पीठ धरून राहतं. ज्या पिठानं भाकरीला नकार दिला, ते तव्यावर ओतलं की मुकाट्यानं शिजतं. विरी गेलेलं पीठ फेकायची ऐपत कोणाची नव्हती. धिरड्याचा जन्म कुठं झाला असेल तो असो, आमच्या घरांत ते टिकलं ते या एका कारणानं.

जात्यावरचं पीठ रवाळ असायचं, त्याची धिरडी जाड आणि खरपूस. जनाबाई गंगाखेडची, आमच्याच जिल्ह्यातली. तिच्या दळणकांडणाचं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो, पण रोज पहाटे जातं ओढणाऱ्या बाईला विचाराल तर ती गिरणीच्या बाजूनं बोलेल. डिझेल इंजिनाची गिरणी आली आणि पुकपुक आवाज शिवारभर जाऊ लागला, तेव्हा पीठ बारीक झालं आणि धिरडी पातळ झाली. पातळ म्हणजे लवकर होणारी. गिरणीचं पीठ दळताना तापतं, म्हणून घरी आणल्यावर परातीत पसरून ठेवायचं, ही शिस्त तेव्हापासूनची.

आता पाला. परदेशी पुस्तकांत ज्याला सुगंधी वनस्पती म्हणतात, कुंडीत वाढवतात आणि चिमटीनं घालतात, तसला प्रकार आमच्याकडं नव्हता. आमच्याकडं पाला मुठीनं घालतात. पावसाळ्यात तांदुळजा आणि बांधावरची चिवळ, थंडीत मेथी, शेपू, कांद्याची पात, आणि खुडणीच्या दिवसांत हरभऱ्याचा कोवळा शेंडा, जो खुडताना बोटांना आंब लागते. पाथरीची भाजी शेतात आपोआप उगवते, कडवट असते, तीही चिरून जाते. या सगळ्यांत मला श्रेष्ठ वाटते ती करडईची कोवळी पानं. झाडाला काटे धरायच्या आत, वीतभर असतानाच विरळणी करून उपटलेली रोपं घरी आणायची. देठ मोडला की पाणीदार, चव किंचित उग्र. बारीक चिरून पिठात घातली की धिरड्याला हिरवे ठिपके दिसत नाहीत, सगळं पीठच हिरवट होतं. परभणी जिल्हा करडईचा. तव्यावर तेलही घाण्याचं करडीचंच असायचं. म्हणजे ज्या रोपाची पानं पिठात, त्याच्याच मोठ्या भावंडांचं तेल खाली. आता करडईचा पेरा आटला, तेलाच्या पिशवीवर सोयाबीनचं चित्र आलं, आणि करडईची भाजी सेलूच्या बाजारात शोधावी लागते. मेथी बारमाही मिळते म्हणून सगळ्या पाककृतींत मेथी. मेथीशी माझं वैर नाही, पण तिनं बाकीच्यांची जागा बळकावली हे खरं.

तवा लोखंडाचा, खोलगट, वर्षानुवर्षं काळा पडलेला. कांदा आडवा अर्धा कापायचा, देठाकडून धरायचा, तेलात बुडवून तव्यावर घासायचा. तेल थोडं लागतं आणि तवा सारखा माखतो. पहिलं धिरडं तरीही तव्याला जातं, ते मोडून लेकरांत वाटायचं. नागपंचमीला मात्र चुलीवर तवा चढत नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. उकडलेली पुरणाची दिंडं खायची. लहानपणी मला वाटायचं, या व्रतात नागाचं काय ते नाग जाणे, पण तव्याला आणि विळीला वर्षातून एक सुटी मिळते. सुटी तव्याला होती, बाईला नव्हतीच. दिंडं उकडायला धिरड्याच्या चौपट वेळ लागतो.

या सगळ्यात दूध कुठं आहे? जवळजवळ कुठंच नाही, आणि चीजच्या गोष्टीतला खरा मुद्दा इथं आहे. युरोपात ज्या डोंगराळ मुलखांत चीज झालं तिथं उन्हाळ्यात दुधाला पूर यायचा आणि ते हिवाळ्यासाठी टिकवायचं होतं. मराठवाड्यात जनावर पाळलं ते बैलासाठी. आमच्याकडची लाल कंधारी गाय नांदेडच्या कंधारची. रंगानं तांबडी, काटक, तिचे गोऱ्हे काळ्या मातीत नांगर ओढणारे. दूध बेताचं. लातूरकडची देवणी थोडी बरी. पण बैल चांगला निपजायचा तर वासराला पोटभर पाजावं लागतं, मग माणसाच्या वाट्याला काय येणार? आलं ते विरजायचं, लोणी काढायचं, तूप विकायचं किंवा सणाला ठेवायचं, आणि ताक वाटून टाकायचं. ताकाला पैसे घेत नसत. ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे आपल्या तोंडी बसलं ते उगाच नाही. तेव्हा धिरड्यात दुधाचा जो अंश गेला तो आंबट ताकाचा. त्यानं पीठ फुगतं, चव येते, आणि फुकट मिळतं.

घट्ट दुधाचा एकच पदार्थ आमच्या बायांना ठाऊक होता, खरवस. जनावर व्यालं की पहिल्या दिवसांचा चीक गूळ-वेलदोडा घालून वाफवला की आपोआप धरतो. त्यात दूध फोडावं लागत नाही. दूध फाटणं म्हणजे अपशकुन, दूध उतू जाण्यापेक्षाही वाईट. म्हणून सोमेश्वराच्या मुदपाकखान्यातली ती युक्ती खाली कुणब्याच्या घरात उतरली नाही. राजाला चालतं ते गरिबाला परवडत नाही, दुधाच्या बाबतीत तर नाहीच.

मग आलं बहात्तर. या भागात १९७२ म्हणत नाहीत, नुसतं बहात्तर म्हणतात. सलग वर्षं पाऊस रुसलेला, विहिरींचे तळ उघडे, आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. तेव्हा स्वस्त धान्याच्या दुकानात अमेरिकेतून आलेली मिलो आली. लाल ज्वारी, तिकडं गुरांना घालतात असं लोक म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. कामावर सुकडी वाटली जायची. मी तेव्हा शाळकरी. मिलोची भाकरी आईनं करून पाहिली, तवा-परात सगळं लाल झालं, भाकरी थापता येईना, खाताना घशात अडकायची. शेवटी तिनं ते पीठ रात्री चिंचेच्या पाण्यात कालवून ठेवलं, सकाळी लाल तिखट आणि बांधावर जो काय सुकट पाला सापडला तो चुरून घातला, आणि धिरडी घातली. रंग विटकरी, कडा कडक. खाल्ली. भाकरीनं परकं धान्य घेतलं नाही, धिरड्यानं घेतलं. पाहुण्यापुढं ते का ठेवत नाहीत याचं उत्तर माझ्या पिढीला त्या वर्षानं दिलं. त्या चवीबरोबर पोटातला खड्डाही आठवतो.

त्याच वर्षी, मे महिन्यात, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. पण त्याच्या थोडं आधीपासून संकरित ज्वारी गावोगाव पोचली होती. सीएसएच-१ हे पहिलं वाण १९६४चं, पुढं सीएसएच-९ आमच्याकडं घरोघर पेरली गेली. लोक तिला नुसतं हायब्रीड म्हणत. पीक भरघोस, दाणा खळंभर, पण खरिपात काढणीला पाऊस लागला की दाण्याला काळी बुरशी. अशा ज्वारीच्या पिठाला विरी कुठून असणार? रब्बीची मालदांडी सणासुदीला, आणि रोजच्याला हायब्रीड. माझ्या सासूच्या सांगण्यातून आणि माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं त्यातून मला असं दिसतं की धिरडी सर्वांत जास्त झाली ती याच वर्षांत. दुष्काळात धान्य नव्हतं म्हणून, आणि नंतर धान्य होतं पण भाकरीचं नव्हतं म्हणून. पुढं जायकवाडीच्या कालव्यानं जिल्ह्याच्या काही भागात गहू वाढवला आणि गुळाच्या पाण्यात कणीक कालवून गोड धिरडी लेकरांच्या डब्यात आली. त्यांच्याबद्दल मला फार बोलायचं नाही, ती मला आवडत नाहीत.

छापील पाकशास्त्राला या सगळ्याची खबर उशिरा लागली. मराठीत सूपशास्त्र छापलं गेलं १८७५ साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया आलं १९१० साली. ही पुस्तकं पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांसाठी होती. माझ्या लग्नात मैत्रिणींनी कमलाबाई ओगल्यांची रुचिरा दिली, १९७०पासून घराघरांत गेलेली. तिची वाटी-चमच्याची मापं मला फार आवडली, कारण सासूचं माप म्हणजे 'बसंल तेवढं'. शहरात तोवर धिरड्यानं नाव बदललं होतं. बेसनात टोमॅटो, कांदा, कोथिंबीर घालून केलेल्या धिरड्याला टोमॅटो ऑम्लेट म्हणू लागले, आणि ऑम्लेट म्हटल्यावर ते पाहुण्यांना चाललं. परभणीच्या एका नातेवाइकांकडं मी ते काचेच्या बशीत, काट्या-चमच्यासह खाल्लं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते असं.

दुधाचं चित्र पालटलं ते संकलन सुरू झाल्यावर. १९७०पासून देशात दुधाचा महापूर योजना चालू झाली, तिचं पाणी, म्हणजे दूध, मराठवाड्यात जरा उशिराच आलं. फाट्यावर सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन माणसं उभी राहू लागली. म्हशी वाढल्या, जर्सीच्या संकरित गाई आल्या. आणि इथंच धिरड्यात दुधाचा गोळा शिरला, कोणत्याही पाककृतीशिवाय. उन्हाळ्यात गाडीला उशीर व्हायचा, दूध तापायचं, तपासणीत आंबट निघायचं, आणि अख्खा कॅन परत यायचा. पाच-सात लिटर नासकं दूध. अपशकुन म्हणून ओतून देणार किती? सासूनं एकदा ते चुलीवर चढवलं, पुरतं फुटू दिलं, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून न्हाणीच्या खुंटीला टांगलं. थोडा चोथा गूळ घालून लेकरांना दिला. उरलेला मीठ, जिरं, हिरवी मिरची घालून कुस्करला आणि शेपूबरोबर धिरड्याच्या पिठात टाकला. निथळलेलं पाणीही तिनं फेकलं नाही, त्यातच पीठ कालवलं. शेजारणीनं विचारलं, "नासलेलं दूध खायलाव व्हय वो?" सासू म्हणाली, "आंबलेलं ताक पितीस न्हवं?" त्यावर शेजारीण गप्प. पुढं तिच्याही न्हाणीत फडकं टांगलेलं मी पाहिलं.

म्हणून नातीला मी सांगते, दुधाचा खारट गोळा आणि पाला घातलेलं धिरडं या घरात तुझ्या आधी झालं आहे. फक्त त्याला कोणी नाव दिलं नाही.

खरं चीज मात्र वेगळी गोष्ट. पनीर आंबटानं फुटतं. चीजला जे रेनेट लागतं ते परंपरेनं दूधपित्या वासराच्या पोटातून काढायचं, आणि हे समजल्यावर बैलपोळ्याला जनावरांच्या पाया पडणाऱ्या घरात चीज येणं शक्यच नव्हतं. आता बुरशीपासून केलेलं रेनेट वापरतात, डब्यावर हिरवा ठिपका असतो, आणि प्रश्न मिटला. आणंदच्या अमूलनं चीज भारतीय मध्यमवर्गाच्या ओळखीचं केलं. महाराष्ट्रात मंचरला पराग मिल्कचा मोठा कारखाना आहे. मुंबईच्या पारशांचं टोपलीतलं पनीर याहून किती तरी जुनं, पण ते त्यांच्या लग्नांत राहिलं, आमच्यापर्यंत आलं नाही. फाट्यावरच्या दुकानात चीजचे चौकोनी तुकडे आले ते शीतपेयाच्या फ्रीजमधून, बाटल्यांच्या मागच्या कप्प्यात. वीज गेली की दुकानदार फ्रीजवर गोणपाट टाकतो.

मध्यंतरी धिरड्याला अचानक मान मिळायची वेळ आली होती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, ज्वारीला श्रीअन्न म्हणू लागले. परभणीच्या विद्यापीठानं २०१८ साली इक्रिसॅटबरोबर परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण दिलंच होतं, रब्बीसाठी त्यांची परभणी मोती आधीपासून आहे. शिवारात बघावं तर खरिपात सोयाबीनच सोयाबीन. ज्वारी आम्ही फाट्यावरच्या दुकानातून विकत आणतो, ज्या घरांच्या बळदात ती पोत्यांनी असायची त्या घरांतसुद्धा. ओळखीच्या एका हॉटेलवाल्यानं विचारलं, बाई, हायवेला पाटी लावू का, ज्वारीचं धिरडं म्हणून? मी त्याला म्हटलं, खुशाल लाव, पण तव्यापाशी एक माणूस कायमचा उभा कर. भजी काढून परातीत ठेवता येतात, वडा तासाभरानंही खपतो. धिरडं तव्यावरून थेट ताटात जायला हवं, पाच मिनिटांत ते मऊ पडतं आणि दहा मिनिटांत चामडं होतं. त्यानं मजुरीचा हिशोब केला आणि पाटीचं नाव काढलं नाही.

आता मी जे करते ते सांगते. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे कडा कुरकुरीत व्हायला. लसूण, हिरवी मिरची, जिरं खलबत्त्यात ओबडधोबड. हळद, थोडे तीळ. पाला दोन मुठी, बारीक चिरलेला. आंबट ताकात कालवायचं, गरज पडली तर पाणी, आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे ज्वारी पाणी पिते. नंतर पीठ घट्ट होतं, तेव्हा पुन्हा सैल करायचं. मीठ नेहमीपेक्षा निम्मं, कारण चीज खारट असतं. नातीनं आल्या आल्या चीज किसून पिठातच घातलं होतं. ते वितळून लोखंडाला चिकटलं, उलथन्यानं खरवडावं लागलं. डब्यातल्या चीजमध्ये असे क्षार घातलेले असतात की ते उष्णतेनं सरळ वाहू लागतं. पनीर वाहत नाही, जागच्या जागी तांबूस होतं. म्हणून पनीर कुस्करून पिठात चालतं, चीज नाही. धिरडं एका बाजूनं झाकण ठेवून शिजवायचं, उलटायचं, दुसरी बाजू खरपूस झाली की किसलेलं चीज अर्ध्या भागावर पसरून दुमडायचं आणि विस्तव कमी करून झाकण ठेवायचं, अर्धा मिनिट पुरे. चीज दोन थरांच्या मध्ये राहतं, तव्याला शिवत नाही.

पाल्याचं तिला अजून पटत नाही. तिला कोथिंबीर हवी, मला करडई. करडई नसली तर पात घालावी, पातीच्या गोडीला चीज मानवतं. मेथी घातली तर चीज थोडं जास्त लागतं, कडूपणा झाकायला. शेपू असेल त्या दिवशी मी चीज घालतच नाही, खुंटीला टांगलेला चोथा घालते, आणि ती कुरकुर करत का होईना दोन खाते.